रित्या घोडीचं तळं

गव्हाळी खिंडीपासून तळ्यापर्यंतची चढण उणीपुरी पाऊण तासाची, पण तिथे येणारा प्रत्येक जण वैतागतो. पायथ्यापासून तंबू, भांडी, शिधा वाहून आणणारी तट्टं खिंडीत थांबवतात आणि सगळं सामान उतरवून माणसांच्या हाती देतात. तेही ऐन खड्या चढावर. कुणी कुरकुरलं की तट्टूवाले गेनूतात्या दगडावर बसतात आणि धुरपाची गोष्ट सांगतात.

फार पूर्वी म्हणे पावसाने सलग दोन वर्षं पाठ फिरवली होती. मेंढपाळांचा एक तांडा पाणी शोधत हा डोंगर चढत होता. पुरुष मेंढरं घेऊन पुढे गेलेले. ओझ्याच्या घोड्या हाकणं बायांचं काम. सगळ्यांत मागे धुरपा. तिच्या घोडीवर हंडे, वाकळा, जातं, कोंबड्यांची पाटी आणि सगळ्यांच्या वर फडक्याने बांधलेली दहा महिन्यांची लेक. पोर तहानेने सकाळपासून रडत होती आणि आता रडायची थांबली होती. त्या थांबण्यानेच धुरपाचा जीव अर्धा झाला होता.

खिंडीत घोडी अडली. सासऱ्यांनी सांगितलेलं पाण्याचं टाकं डावीकडे होतं, तिकडची वाट सोपी होती. पण घोडी त्या वाटेवर पाऊल टाकेना. धुरपाला वाटलं, चूक आपलीच. ओझं कलतं बांधते असं सासू दर मुक्कामाला ऐकवायची, आणि ते अगदीच खोटं नसावं. तिने सगळं उतरवून पुन्हा बांधलं. घोडी हलली नाही. मग जातं उजवीकडे, हंडे डावीकडे, गाठी दुहेरी. घोडी हलली नाही. तिसऱ्यांदा सोडायला घेतलं तेव्हा सासू पुढच्या वळणावरून ओरडली, "अगं, घोडी लादतीस का घर बांधतीस?" आणि निघून गेली.

धुरपाने घोडीच्या पाठीत काठी हाणली. लेकीच्या तोंडात बोट घालून पाहिलं, तर जीभ कोरडी ठाक. तेव्हा तिने पोर काखेला घेतली, ओझं जसंच्या तसं खाली लोटलं आणि दावंही सोडून दिलं.

"जा बाई, तुला जायचं तिथं जा. मला ना घोडी हाकता येत, ना पोर सांभाळता."

घोडीने अंग झाडलं आणि वाट नव्हती तिथून ती वर चढू लागली. आता घोडीही गमावली तर तोंड कुठे दाखवायचं, म्हणून धुरपा शिव्या घालत मागोमाग. माथ्यावर वाळक्या लव्हाळ्यात घोडी थांबली, माती हुंगली आणि खुराने उकरू लागली. आधी चिखल आला, मग पाणी. घोडी पोटभर प्याली; धुरपाने तिला हाकललं नाही. मग लुगड्याचा पदर भिजवून लेकीच्या तोंडात पिळला. बऱ्याच वेळाने पोर रडली.

डावीकडचं टाकं कोरडं निघालं. लोक परतले, तर खिंडीत ओझं विखुरलेलं. सासू चिडून वर आली, पण पोरीचे ओले ओठ पाहून तिथूनच मागे वळली. खाली उतरली आणि जातं स्वतःच्या डोक्यावर घेऊन चढली, असं सांगतात. धुरपाने तिथेच शब्द दिला, की या चढणीवर घोडीच्या पाठीला ओझं नाही आणि दाव्याला हात नाही. पुढे माणसांनी तो खळगा खणत नेला, त्याचं हे तळं झालं.

आजही तट्टं खिंडीतून मोकळी सोडतात. वर आधी तट्टं पितात, मग लेकरं, मग बाकीचे. परवा पाठीवर पिशवी आणि कडेवर मूल घेऊन धापा टाकणाऱ्या एका बाईने विचारलं, "आणि धुरपा कधी प्याली?"

"ते कुणी सांगितलं न्हाई, ताई," तात्या म्हणाले. त्यांना जरा ओशाळल्यासारखं झालं असावं. वर तळ्यावर तट्टं पिऊन झाल्यावर त्यांनी तांब्या भरला आणि आधी त्या बाईपुढे धरला.

तिने तो घेतला आणि मुलाच्या तोंडाला लावला.