नाडीचा रामराम

फार जुनी गोष्ट आहे, मंडळी. इतकी जुनी, की तेव्हा माणसं डोंगरांना नावं ठेवत नसत आणि एकमेकांनाही.

घाटापलीकडच्या एका खोऱ्यात नदीच्या काठाने सात वाड्या होत्या. त्या साती वाड्यांना मिळून एक वैद्य होता. मधल्या वाडीत, तळ्याच्या काठी, हिरड्याच्या झाडाखाली त्याचा दगडी ओटा होता. सकाळी त्याच्या खलबत्त्याचा आवाज सुरू झाला की बायका म्हणत, "उठले हो वैद्यबुवा," आणि चुली पेटवत.

वैद्याच्या गुरूने त्याला एकच गोष्ट बजावून सांगितली होती. "आधी हात, मग बात. नाडी धरल्याशिवाय रोग्याविषयी एक शब्द बोलायचा नाही. निरोपावर औषध द्यायचं नाही, मग निरोप राजाचा का असेना."

वैद्याने हे इतकं मनावर घेतलं की खोऱ्यात एक गमतीची रीतच पडून गेली. वाटेत वैद्य भेटला तर त्याला कोणी नमस्कार करत नसे. पुरुष उजवा हात पुढे करत, बायका डावा. वैद्य क्षणभर नाडी धरी आणि म्हणे, "छान चाललंय," किंवा "आज ताक पिऊ नका बरं का." लग्नाच्या मांडवात नवरदेवसुद्धा आधी वैद्यापुढे मनगट धरी. चांगली धडधाकट माणसंही हात पुढे करत, कारण कोणीतरी आपला हात धरला की बरं वाटतं. त्या रीतीला लोक नाडीचा रामराम म्हणत.

वैद्याचा लहानपणापासूनचा सोबती होता डोहावरचा नावाडी. पलीकडे कोणी आजारी आहे म्हटलं की पूर असो, वारा असो, तो नाव सोडी. परत येताना दोघे काठावर बसून भाकरी आणि लसणाची चटणी खात. मग नावाडी उगाच हात पुढे करी. "बघ रे वैद्या, अजून किती वर्सं वल्हं मारायचंय मला?"

"तुला काय धाड भरलीये? माझ्या तेराव्याचं जेवून मग जाशील तू," वैद्य म्हणे, आणि दोघे हसत.

नावाड्याच्या बायकोची नाडी मात्र जगावेगळी होती. भरभर चालताना मध्येच ठेच लागावी तशी ती अडखळे. त्यात दुखणं काही नव्हतं, जन्माचीच खोड होती ती. "वहिनी, तुमची नाडीसुद्धा तुमच्यासारखीच घाईची," असं वैद्य तिला चिडवी.

एकदा राजाची स्वारी त्या खोऱ्यात आली. राजाने पाहिलं तर माणसं त्याला मुजरा करायचं विसरून वैद्यापुढे मनगटं धरताहेत. राजा शहाणा होता. तो रागावला नाही. म्हणाला, "ज्याला घराघरातली नाडी ठाऊक आहे, तोच सुभा नीट चालवील. वैद्यबुवा, तुम्ही आमचे सुभेदार व्हा."

वैद्य विचारात पडला. त्याला मानाची हाव नव्हती. त्याला वाटलं, मी एका हाताने किती नाड्या धरणार? एका हुकमाने हजारोंचं भलं होईल.

निघताना नावाडी त्याला पैलतीरी सोडायला आला. "जा बाबा, नाव काढ," तो म्हणाला. "पर एवढं सांग, तितं आमचं हात पोचतील नव्हं?"

"न पोचायला काय झालं?" वैद्य म्हणाला.

खरं ते सांगायला हवं. वैद्य चांगला सुभेदार झाला. त्याने घाटात रस्ता काढला. आजाऱ्यांसाठी धर्मशाळा बांधल्या. खोऱ्यातल्या तरण्या पोरांना काम मिळावं म्हणून नदीच्या वरच्या अंगाला नीळ करणाऱ्यांची पेठ वसवली. लोकांनी त्याला दुवा दिला.

पण खुर्चीचा गुण असा, की ती माणसाला हळूहळू उंच करत नेते आणि त्याला कळूही देत नाही. आधी लोक ओसरीवर थांबू लागले. मग दारात चोपदार आला. मग भेटीला येणाऱ्यांची गाऱ्हाणी शिरस्तेदार ऐकून घेऊ लागला आणि थोडक्यात सांगू लागला. हात काही आत पोचेनात.

वैद्य खोऱ्याला विसरला होता असं मात्र समजू नका. उलट त्याचं मन तिथेच असे. आपला खलबत्ता त्याने सोबत आणला होता आणि कचेरीत मखमलीवर मांडून ठेवला होता. जेवणावळीत तो पाहुण्यांना हिरड्याच्या सावलीबद्दल सांगे, तळ्याच्या गोड पाण्याबद्दल सांगे, नदीकाठच्या भाकरीबद्दल सांगे, आणि सांगता सांगता त्याचे डोळे भरून येत. "ते दिवस काही वेगळेच होते," तो म्हणे. "पुढच्या महिन्यात जाऊन येऊ." आठवण काढायला त्याला सवड होती, जायला नव्हती. दुरून डोंगर साजरे दिसत होते आणि त्याला तेवढं पुरत होतं.

अशात एके दिवशी शिरस्तेदार म्हणाला, "सरकार, आपल्या खोऱ्यातून निरोप आहे. नदीकाठची काही माणसं आजारी पडली आहेत. उलट्या होतात, पोटात कळा येतात."

दुसऱ्या एका गावात असंच झालं होतं, तेव्हा तळं कुजलेलं निघालं होतं. सुभेदाराने मान वर न करता सांगितलं, "तळं बंद करा. सगळ्यांनी नदीचं वाहतं पाणी प्यावं."

जन्मात पहिल्यांदा वैद्याने निरोपावर औषध दिलं.

खोऱ्यातल्या लोकांना तळ्याचं पाणी बाधलं नव्हतं. पण हुकूम वैद्यबुवांचा होता! त्यावर कोण शंका घेणार? त्यांनी स्वतःच्या हातांनी तळ्याभोवती काटे लावले आणि घागरी घेऊन सगळे नदीवर गेले. आजार रेड्याला नि औषध पखालीला, अशी गत झाली. आधी नदीचं पाणी पिणारी काठावरची चार घरंच आजारी होती, आता साती वाड्या अंथरुणाला खिळल्या.

पुढे सणाचा दिवस आला. सुभेदाराचा मेणा बाजारपेठेतून निघाला. दुतर्फा लोक हात पसरून उभे होते आणि तो मेण्यातून नाणी वाटत होता. एक सुरकुतलेला डावा हात पुढे आला. सुभेदाराने त्यावर नाणं ठेवलं. हात कलंडला आणि नाणं धुळीत पडलं.

"पैका नगं, वैद्यबुवा," म्हातारी म्हणाली. "हात धरा."

कित्येक वर्षांत त्याला या नावाने कोणी हाक मारली नव्हती. त्याने मनगट धरलं. चेहऱ्याची ओळख त्याला पटली नव्हती, पण नाडी भरभर चालली आणि मध्येच ठेचकाळली.

"वहिनी?" तो म्हणाला. "तुम्ही? एकट्या? आणि तो कुठे आहे?"

"आंथरुणाला लागलाय. म्हनला, तू काय बोलू नगंस. नुसता हात म्होरं कर, त्याला समदं कळंल."

आणि त्याला कळलं. ती कुजक्या पाण्याने बिघडलेली नाडी नव्हती, विषाने दबलेली होती. त्याने तिचा हात उजेडात धरला. नखांच्या मुळाशी निळसर रेघ होती. वरच्या अंगाच्या पेठेत नीळ धुतलेलं पाणी नदीतून खाली येत होतं. खाली येईतो ते निवळलेलं दिसे, पण त्यातलं विष तसंच राही. आणि आपण साऱ्या खोऱ्याला तेच पाणी प्यायला लावलं!

सुभेदार मेण्यातून उतरला. त्याने म्हातारीला मेण्यात बसवलं, मखमलीवरचा खलबत्ता मागवून घेतला आणि स्वतः पायी घाट चढू लागला.

खोऱ्यात पोचताच त्याने तळ्याचे काटे ओढून काढले आणि नीळ बंद करायला माणूस पिटाळला. मग तो धावत नावाड्याच्या खोपटात शिरला.

नावाडी खाटेवर पडला होता. अंगावर घोंगडी होती आणि उजवा हात तेवढा बाहेर होता, मनगट वर करून ठेवलेलं. शेजारी म्हणाला, "हात झाकू देत न्हवता. वैद्य यायचाय, म्हनायचा."

वैद्याने ते मनगट धरलं. बराच वेळ धरून ठेवलं. बोटं सरकवून पुन्हा धरलं. आजूबाजूच्या सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याला कोणी काही सांगितलं नाही. हात होता, पण बोलायला सोबती उरला नव्हता. वैद्य खाटेच्या पायाशी बसला आणि लहान पोरासारखा रडला.

मग डोळे पुसून तो उठला, कारण अजून पुष्कळ हात बाहेर होते. हिरड्याखाली पुन्हा खलबत्ता वाजू लागला. घर न घर त्याने पालथं घातलं आणि बहुतेक माणसं वाचली. म्हातारीही वाचली. तिने त्याला कधी बोल लावला नाही, आणि तेच त्याला जन्मभर लागलं.

सगळं निवल्यावर त्याने आपली चूक सांगून सुभेदारीची मोहोर राजापुढे ठेवली. राजाने विचारलं, "काय शिक्षा घ्याल?"

"माझी कचेरी त्या ओट्यावर हलवा, महाराज. आणि ज्या गावासाठी हुकूम काढायचा, तिथल्या माणसांचे हात मी आधी धरीन. नाहीतर दुसरा सुभेदार बघा."

राजाने मोहोर परत दिली. नीळ करणाऱ्यांची पेठ साती वाड्यांच्या खाली, ओसाड माळावर गेली आणि त्यांचं पाणी तिथेच मुरू लागलं. नदी पुन्हा गोड झाली. वैद्य म्हातारा होईतो त्या ओट्यावरून सुभा चालवत राहिला. संध्याकाळी तो डोहावर जाऊन बसे आणि एक भाकरी दोघांची करून खाई.

म्हणतात, त्या सुभ्यात पुढेही ती रीत टिकली. नवा सुभेदार आला की लोक त्याला मुजरा करत नसत, मनगट पुढे करत. त्या बिचाऱ्यांना नाडीतलं ओ की ठो कळत नसे. पण हात धरायला लागे, आणि हात धरला की समोरच्याकडे पाहावंच लागे.

म्हणून मंडळी, एवढं ध्यानात ठेवा: ज्याचा हुकूम लांब पोचतो, त्याचा हात आधी माणसांपर्यंत पोचला पाहिजे.