सूक्ष्मदर्शक आणि गेनबाच्या गाठी

वाघजाळी गावच्या शाळेत एक भोळा शिपाई होता. त्याचं नाव गेनबा. आणि त्याच गावची एक मुलगी होती, ज्ञानदा. ती चार वर्षं परदेशात जीवशास्त्र शिकली आणि गावच्याच शाळेत शिकवायला परत आली. परतताना तिला वाटलं होतं, इथे आपलं कुणी ऐकणार नाही. झालं उलटंच. गावात एक माणूस असा निघाला, की तो तिचं अक्षर न् अक्षर ऐकायचा. तिथेच घात झाला.

ज्ञानदाने येताना एक सूक्ष्मदर्शक आणलं होतं. वेशीजवळच्या आडाचं पाणी पिऊन दर पावसाळ्यात गावातली पोरं जुलाबाने अंथरूण धरायची. पाणी उकळा, असं दवाखान्यातल्या नर्सबाई सांगून दमल्या होत्या. ज्ञानदा म्हणाली, "सांगून नाही, दाखवून पटेल." शुक्रवारी चार वाजता शाळेच्या पटांगणात सगळ्या गावाला पाण्याचा थेंब दाखवायचा, असं ठरलं.

सोमवारी तिने गेनबाला सूक्ष्मदर्शक वर्गात आणायला सांगितलं. गेनबाने ते आणलं. कोंबडी आणावी तसं मानगूट धरून, झुलवत.

"गेनबा, नाजूक चीज अशी आणायची नसते," ज्ञानदा म्हणाली. "एक हात दांड्याला, दुसरा बुडाखाली. छातीशी धरायचं. हळू चालायचं. आणि टेबलाच्या कडेला नाही, मधोमध ठेवायचं."

"बरं बाई," गेनबा म्हणाला. त्याने खांद्यावरच्या पंच्याला एक गाठ मारली. विसरू नये म्हणून.

मंगळवारी संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब आले. वय ब्याऐंशी. हेडसर म्हणाले, "गेनबा, आबांना गाडीतून जपून आण. फार नाजूक झालेत."

गेनबाने एक हात आबांच्या दंडाला घातला, दुसरा बुडाखाली. छातीशी धरलं. हळू चालला.

"अरे, मला चालता येतं," आबा वाटभर सांगत होते.

गेनबाने त्यांना हेडसरांच्या टेबलावर ठेवलं. मधोमध.

ज्ञानदाने कपाळाला हात लावला. "गेनबा, पाहुण्याला उचलायचं नसतं. खुर्ची द्यायची, तांब्याभांडं पुढे करायचं."

"बरं बाई." दुसरी गाठ.

बुधवारी प्रयोगशाळेत शिरून ती बघते, तर सूक्ष्मदर्शक खुर्चीत बसलेलं. पुढ्यात तांब्याभांडं. नळीतून पाणी ठिबकत होतं.

"परदेशातून आलंय," गेनबा म्हणाला. "म्हटलं, दोन दिवस झाले, पाणीसुद्धा विचारलं नाही."

ज्ञानदाने यंत्र कोरडं केलं. बरंचसं पाणी बाहेरच राहिलं होतं, म्हणून वाचलं. मग तिने गेनबाला समोर बसवलं आणि एकेक भाग दाखवला. डोळा लावतो ते वरचं भिंग. खाली फिरत्या चकतीवर तीन भिंगं, लहान, मधलं, मोठं. बघायला सुरुवात नेहमी लहानापासून. काचपट्टी ठेवतो तो मंचक. त्याच्याखाली उजेड पाडणारा आरसा.

"आणि नीट ऐक. याला पाणी लावायचं नाही. भिंगाच्या काचेला बोट नाही, पंचा नाही, थुंकी तर नाहीच. हा मऊ कागद घ्यायचा आणि एकाच दिशेने हलकेच पुसायचं. काम झालं की लगेच खोळ घालायची. धूळ बसता कामा नये."

"बरं बाई." तिसरी गाठ. जरा मोठी.

गुरुवारी हेडसर म्हणाले, "उद्या गाव येणार. खिडक्या धुऊन घे."

संध्याकाळी ते बघायला आले. गेनबा एका खिडकीपाशी उभा होता. हातात मऊ कागद. एकाच दिशेने, हलकेच. सकाळपासून दीड खिडकी झाली होती आणि वर्षभराचा कागद संपला होता.

"अरे, बादलीभर पाणी मारायचं की."

"काच आहे, सर," गेनबा समजावणीच्या सुरात म्हणाला.

शुक्रवारी गाव जमलं. हेडसरांनी अर्धा तास भाषण केलं. "एवढं बोलून मी माझं काम संपवतो," असं म्हणाले मात्र, गेनबा मागून आला आणि त्याने त्यांच्या डोक्यावरून खोळ घातली.

"ज्ञानदाबाई," खोळीतून आवाज आला, "ही तुमचीच शिकवण का?"

गाव पोट धरून हसलं. ज्ञानदाही हसली, कारण खरं काम पुढे होतं. तिने आडाच्या पाण्याचा थेंब काचपट्टीवर ठेवला आणि सांगितलं, "ज्या पाण्यात हे बारीक जीव जगतात, त्यात जुलाबाचे जंतूही मजेत राहतात. ते तर याहून बारीक." पहिला मान तिने ठकूमावशीला दिला. ठकूमावशी शाळेत खिचडी रांधायची, आणि तिचा शब्द गावात चालायचा.

मावशीने डोळा लावला. "अगंबाई. वळवळतायत की."

"आपल्या आडातलं पाणी आहे, मावशी."

"माझी सासू नव्वद वर्षं प्याली ते पाणी. आडात कुठले किडे? किडे तुझ्या यंत्रात आहेत, पोरी. तिकडनंच भरून आले असतील. तू बघून घ्यायचंस ना घेताना."

लोकांना ते पटलं. एकेकाने येऊन यंत्रातले किडे बघितले, हळहळ व्यक्त केली आणि घरचा रस्ता धरला.

पटांगणात दोघंच उरली. ज्ञानदा पायरीवर बसली. "ज्यात किडे असतील ते खळखळ उकळायचं," ती म्हणाली. "एवढंच तर सांगत होते रे, गेनबा."

"बरं बाई," गेनबा म्हणाला.

चौथी गाठ तिने पाहिली नाही. घरी जाऊन तिने राजीनामा लिहिला.

शनिवारी सकाळची शाळा. राजीनामा पिशवीत घालून ती आली, तर स्वयंपाकाच्या शेडमधून ठकूमावशीचा आवाज येत होता. "मेल्या, माझं खिचडीचं पातेलं."

पातेलं चुलीवर होतं. पाणी खळखळत होतं. त्यात सूक्ष्मदर्शक उभं होतं. मधोमध.

"याला पाणी लावायचं नाही, असं सांगितलं होतं ना?" ज्ञानदा पातेल्याकडे धावली.

गेनबाने पंचा पुढे केला. "ती बुधवारची गाठ, बाई. ही शुक्रवारची. मावशी म्हणाली, यंत्रात किडे आहेत. तुम्ही म्हणालात, किडे असतील ते उकळायचं."

यंत्र बाहेर काढलं. गार केलं. रंगाचे फुगे आले होते. मोठं भिंग आंधळं झालं होतं, मधलंही. ज्ञानदाने सवयीने लहानापासून सुरुवात केली. लहान भिंगातून दिसत होतं. जरा धुरकट, पण दिसत होतं.

"आता मेले असतील सगळे," ठकूमावशी म्हणाली. तिने स्वतःच्या हंड्यातलं आडाचं पाणी आणलं, स्वतःच्या बोटाने थेंब ठेवला आणि डोळा लावला. थेंबात वळवळ तशीच होती.

"गेनबा, नीट उकळलं होतंस का रे?"

"पहाटेपासून, मावशी. खळखळ."

मावशीने डोळा काढला. पदराने पुसला. पुन्हा लावला. मग हंडा उचलून पातेल्यात ओतला आणि म्हणाली, "जाळ वाढव."

लाकडं ओली होती, पेटेनात. ज्ञानदाने पिशवीतून राजीनामा काढून चुलीत घातला. आणि तिथेच तिने ठरवलं, की पाणी उकळायला सांगत दारोदार फिरायला उद्यापासून गेनबालाच पाठवायचं. सांगितलेलं तसंच्या तसं करणारा दुसरा माणूस गावात नव्हता. फक्त निघण्याआधी त्याच्या पंच्याच्या सगळ्या गाठी आपल्या हाताने सोडायच्या, नाहीतर तो घराघरातल्या म्हाताऱ्यांना उचलून टेबलावर ठेवत सुटेल.