सुतारभाऊजींची जादा टक

फार मागे एका जांभळीवर बुलबुलकाकू आणि दयाळराव गायचे, अन् सुतारभाऊजी खोडावर चोचीनं ठेका धरायचे. ‘जांभळीवरची मंडळी’ म्हटलं की पाखरं चारा टाकून येत. भाऊजी मात्र दर वेळी शेवटच्या ओळीआधी एक टक जादा मारायचे.

“भाऊजी, पुन्हा चुकलात!” काकू भर मैफलीत म्हणायच्या, आणि रान हसायचं.

पुढे भाऊजी गेले, दयाळरावांचा गळा बसला. तेव्हा पोपटांनी गाणी आणि नाव, दोन्ही विकत घेतलं. बदल्यात दोघांना जन्मभर रोज एकेक पेरू.

“गाण्यांचं काय लोणचं घालायचंय?” दयाळराव म्हणाले. काकूंनी मान डोलावली.

एका सकाळी काकू पोपटांची तालीम ऐकायला गेल्या. सगळं हुबेहूब होतं, अगदी ती टकसुद्धा.

“काकू, ही एक टक जादा आहे. उद्यापासून गाळतोय,” थोरला पोपट म्हणाला.

“नका गाळू.”

“गाणं आता आमचं ना?”

“तुमचंच हो.” काकूंनी त्या दिवसाचा पेरू त्याच्यापुढे सरकवला. “रोजचा माझा पेरू तुम्हीच खा. तेवढी टक राहू द्या.”

टक राहिली. दुसऱ्या दिवशी काकू दोन किडे खाऊन पोपटांच्या मैफलीला मागच्या फांदीवर बसल्या. शेवटची ओळ आली, टक वाजली, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, “भाऊजी, पुन्हा चुकलात!”

पुढच्या मैफलीपासून पोपट तेही म्हणू लागले. त्याचं मात्र काकूंनी काही मागितलं नाही.