रंगारणीचा वायदा

फार जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की त्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही. त्याच्या राज्यात हळदीचा भलताच गमतीचा बाजार भरायचा. बाजारात हळद औषधालाही नसायची! पीक अजून जमिनीखाली, भाव मात्र आजच ठरायचा आणि माल चैत्री पौर्णिमेला मिळायचा. याला म्हणायचे वायदा. खूण म्हणून शेतकरी तांब्याचा बिल्ला द्यायचा. पौर्णिमेला बिल्ला ज्याच्या हाती, हळद त्याची. मग भाव पडला तरी शेतकऱ्याला घोर नाही, आणि चढला तरी घेणाऱ्याला नाही.

त्या गावात एक रंगारीण होती. वैशाखात राजकन्येचं लग्न होतं आणि वऱ्हाडाचे सगळे शेले पिवळे रंगवायचं काम तिला मिळालं होतं. ते साधलं की ती दरबाराची रंगारीण होणार होती. म्हणून तिने वेळेवर बिल्ला घेऊन ठेवला.

आणि मग काय, पाऊस रुसला! भाव असा चढू लागला की बाजारात उभं राहायला जागा मिळेना. सकाळी एक भाव, दुपारी दुसरा. न्हावी बिल्ले घेतोय, सोनार विकतोय. ज्याच्या घरी चिमूटभर हळद लागते, तोही पोत्यांचे सौदे करतोय. रंगारीणही रोज भाव विचारायला बाजारात जाऊ लागली.

शेजारीण म्हणाली, "अगं, दुप्पट मिळतायत. विकून टाक, भाव उतरला की परत घे."

रंगारणीने बिल्ला विकला. घरी येताना तिचे पाय जमिनीवर नव्हते.

पण भाव उतरायचं नाव घेईना. ती रोज म्हणे, उद्या घेऊ. पौर्णिमा उजाडली, हळदीच्या मोजक्याच गाड्या आल्या, त्याही सगळ्या बिल्लेवाल्यांच्या, आणि तिचा बिल्ला निघाला नदीपलीकडच्या एका रंगाऱ्याकडे. ती धावतच त्याच्या दारी गेली.

थैली पुढे करून म्हणाली, "दादा, तुम्ही म्हणाल तो भाव देते, पण हळद मला द्या."

रंगारी म्हणाला, "ताई, मीही रंगारीच. पैशांनी कापड पिवळं होत नाही, म्हणून तर मी बिल्ला जपून ठेवला."

तिच्याकडे हळद नाही हे कळताच दुसऱ्याच दिवशी दरबाराने कोरे शेले तिच्या घरून उचलले आणि नदीपलीकडे पाठवले. लग्नात सारं वऱ्हाड पिवळंधमक झळकत होतं. रंगारीण गर्दीत उभी होती. थैली भरलेली होती, पण तिला रडू काही आवरेना.

तात्पर्य: गरजेसाठी घेतलेला वायदा हावेपायी विकला, तर नफा हाती येतो आणि काम हातचं जातं.