वरीलप्रमाणे

एका राज्यात, ज्याचे नाव कोणत्याच वहीत नाही म्हणून मलाही सांगता येत नाही, तोलसेन नावाचा राजा होता. राजा वाईट नव्हता, पण त्याला मोजण्याचे वेड. महालाच्या पायऱ्या मोजून झाल्या, राणीच्या नथीतले मोती मोजून झाले. मोजायला काही उरले नाही, तेव्हा त्याला पाठशाळेतल्या सहा-सहा वर्षांच्या पोरांची आठवण झाली. "आमच्या राज्यात हुशारी किती आहे?" त्याने दरबारात विचारले. कोणालाच सांगता येईना. मग सात डोंगरांपलीकडून मापकेतू नावाचा जादूगार आला आणि त्याने राजाला एक वही नजर केली.

वहीचा पुठ्ठा सोन्याचा होता. वही शापित होती, पण सोन्याच्या वस्तूबद्दल दरबारात असल्या चौकशा होत नाहीत. तिचा गुण असा, की ज्याच्या नावापुढे जे लिहावे, तसे त्याने व्हावे. लिहिलेले खोडता येत नसे. आणि पौर्णिमेला राजाचा शिक्का उमटला, की ते जन्मभरासाठी कायम होई.

ही वही येऊन पडली तापीबाईंपुढे. तापीबाई म्हणजे पहिलीच्या वर्गाच्या बाई. मुळात तापट नव्हत्या, त्यांना तापवले. बत्तीस मुले, नऊ विषय, दर विषयाला तीन नोंदी. करा हिशेब! आठशे चौसष्ट नोंदी, त्याही दर पौर्णिमेला. गाणे ऐकायचे नाही, गाण्याची नोंद करायची. पोर धडपडले तर उचलायचे मागाहून, आधी 'तोल सांभाळते की नाही' यापुढे खूण करायची. ज्या जिवाला अजून स्वतःची नाडी बांधता येत नाही, त्याला म्हणे श्रेणी! अ, ब, क, ड. नोंदी व्हायच्या आधीच आयाबाया पाणवठ्यावर भेटल्या की एकमेकींना विचारत, "तुमचा ब का हो?" पोरांची नावे मागे पडली.

"मग मी शिकवायचं कधी?" बाईंनी राजाच्या कारकुनाला विचारले.

कारकुनाने वही पुढून मागून चाळली आणि तो म्हणाला, "त्याला रकाना नाही."

यादीत पहिले नाव माळ्याच्या अवंतीचे. दोन वेण्या, लाल फिती, हाताची घडी, तोंडावर बोट. बाईंनी तिच्या सत्तावीस नोंदी लिहिल्या. सूचना पाळते. नीटनेटकी राहते. प्रश्न विचारत नाही. अशा. तेवढ्यात दिवेलागण झाली, बोटाला घट्टा पडला, घरी चुलीवरचा भात करपला, आणि आठशे सदतीस नोंदी बाकीच होत्या. बाईंनी कपाळावर हात मारला. दुसऱ्या नावापुढे त्यांनी लिहिले, 'वरीलप्रमाणे'. तिसऱ्यापुढे लिहिले, 'वरीलप्रमाणे'. असे एकतीस वेळा लिहिले. चौदावे नाव त्यांच्या स्वतःच्या लेकाचे, सोनबाचे होते. हात तिथेही थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी घंटा झाली, तेव्हा वर्गात मुले बत्तीस होती. घंटेचा नाद विरला, तेव्हा बत्तीस अवंती होत्या.

बत्तीस जोड वेण्या, बत्तीस घड्या, बत्तीस बोटे. पैलवानाच्या भीमालाही लाल फिती. आया धावत आल्या आणि दारातच थबकल्या. लोहारीण रडत म्हणाली, "बाई, माझी केशर कुठली? नुसतं बोट दाखवा." बाईंनी घसा खरवडून हाक मारली, "सोनबा!" बत्तीस जणींनी एका सुरात "ओ" दिली, कारण सूचना पाळण्यात त्या सगळ्याच पक्क्या होत्या.

राजा पाहणीला आला. रांगेवरून नजर फिरवून तो हरखला. "सगळी अ श्रेणी! गुरुबाई, तुम्ही कमाल केलीत. तीन दिवसांनी पौर्णिमा आहे. आम्ही स्वतः येऊन शिक्का मारू."

"महाराज, ही मुलं ती मुलं नाहीत."

"पण बत्तीस आहेत ना?" असे विचारून राजा निघून गेला.

बाई उंबऱ्यावर बसल्या. आपण काय करून बसलो, हे आठवून त्यांना स्वतःचाच संताप आला. खिडकीत एक साळुंकी रोज येऊन बसे. ती म्हणाली, "बाई, मी सांगू का?"

"सांग. तूच तेवढी राहिली होतीस."

"मापकेतूच्या दौतीतली शाई आणा. त्या शाईने प्रत्येकाची खरी नोंद लिहा, दुसऱ्या कोणालाही लागू न पडणारी. मग वरची खोटी आपोआप पुसेल. पण एक जरी खोटी उरली, तरी शाप उरेल."

बाई उठल्या. सात डोंगर त्या तणतणत चढल्या, त्यामुळे ते लवकर सरले.

मापकेतू गडावर मोजपट्टी घेऊन बसला होता. पुढे त्याच शापित वहीतला एक कागद होता, आणि कागदावर पहिल्याच ओळीत त्याची स्वतःची नोंद होती: 'मापकेतू. सर्वश्रेष्ठ. दौतीचा धनी.'

"शाई पाहिजे," बाई म्हणाल्या.

"तीन परीक्षा आहेत," जादूगार म्हणाला.

"असणारच."

त्याने मुंग्यांचे मडके पालथे केले. "यांची रांग लाव." बाई कनवटीला गूळ बाळगत. वर्गात कोणी रडले तर लागतो. त्यांनी एक खडा लांब ठेवला. मुंग्यांची रांग लागली.

"उंचीप्रमाणे नाही लागली," मापकेतू म्हणाला.

"तुमच्या रकान्यात 'रांग' एवढंच आहे."

त्याने रकाना पाहिला. मुंग्यांकडे पाहिलेच नाही. खूण केली. मग त्याने आंब्याची एक कोय पुढे सरकवली. "हिला किती आंबे लागतील, ते आजच लिही." बाईंनी क्षणभर त्याच्या तोंडाकडे पाहिले आणि लिहिले, 'प्रगती समाधानकारक.' मापकेतूला गहिवरून आले. "अगदी असंच हवं असतं मला," तो म्हणाला. कोय होती तिथेच पडून होती.

"आता शेवटची परीक्षा. या कागदावर स्वतःची नोंद लिही. कमी लिहिशील तर तेवढीच उरशील."

बाईंनी वरची ओळ वाचली. बोरू उचलला. आपल्या नावापुढे एकच शब्द लिहिला: 'वरीलप्रमाणे.'

दौत मापकेतूच्या हातातून सुटली आणि बाईंच्या हातात आली. त्याबरोबर त्यांना मापकेतूसारख्या झुपकेदार मिशाही फुटल्या, पण त्याला इलाज नव्हता.

"हे चालत नाही!" जादूगार ओरडला.

"तुमच्याच वहीत चाललं," असे म्हणून बाईंनी कागद कनवटीला खोचला आणि त्या डोंगर उतरू लागल्या.

पौर्णिमेच्या सकाळी बाई वही उघडून बसल्या. समोर बत्तीस अवंती, मागे आया. कोण कुठला ते कळायचे नाही, पण लिहायला नाव होते आणि आठवायला डोके होते. बाईंना भीती वाटली. आपल्याला काही आठवलेच नाही तर? मग त्यांनी ठरवले, ज्या ज्या गोष्टीने आपल्या नाकी नऊ आले, तेच लिहायचे.

'केशर: सातच्या आकड्याला डोळे काढते. सांगून थकले.' तिसऱ्या रांगेत एका अवंतीच्या फिती गळाल्या आणि तिथे केशर बसली होती. लोहारीण किंचाळलीच. 'धनगराचा बिरू: वीसच्या पुढे मोजता येत नाही, पण कळपातलं कोकरू कमी झालं तर कोणतं ते सांगतो.' बिरू आला. 'मथू: दुसऱ्याची भाकरी मातीत पडली तरी हीच रडते, आणि सगळा वर्ग खोळंबतो.' मथू आली, आल्या आल्या रडली. 'भीमा: पाटी थुंकीने पुसतो. शी!' भीमा आला. 'सोनबा: खोटं बोलताना कान लाल होतात.' चौथ्या रांगेत लाल कानांचा एक मुलगा उभा राहिला, आणि बाईंना पुढची दोन नावे नीट दिसेनात.

असे एकतीस जण आले. वर्गात असा काही कल्ला झाला, की साळुंकी उडून गेली. पण वहीचा सोनेरी पुठ्ठा अजून चमकतच होता. पहिली ओळ उरली होती. खरी अवंती पहिल्या रांगेत तशीच बसली होती. हाताची घडी, तोंडावर बोट.

राजा शिक्का घेऊन दारात आला. "आटपा, गुरुबाई."

बाईंचा बोरू हलेना. "थांबा, महाराज. ही मुलगी मला ठाऊक नाही."

"रोज तर समोर बसते."

"समोर बसते, म्हणूनच. हिने मला एकदाही त्रास दिला नाही. मी हिच्याकडे कधी बघितलंच नाही." बाईंना मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्यांनी तिच्या आईला विचारले. माळीण म्हणाली, "गुणी आहे हो."

"ते वहीतही आहे, माळीणबाई."

बाईंनी बोरू खाली ठेवला. राजाला तिष्ठत ठेवून त्या अवंतीपुढे जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि नुसत्या बघत राहिल्या. अवंतीही बघत होती. सकाळपासून ती एकाच गोष्टीकडे बघत होती. तोंडावरचे बोट थरथरले. मग नाकातून फुर्र असा आवाज आला, मग आणखी एक, आणि मग ती अशी हसत सुटली की वेण्या सुटल्या.

"बाई," तिने श्वास घेत विचारले, "मिशा आल्या, मग दाढी कुठे राहिली?"

तो तिचा पाठशाळेतला पहिला प्रश्न. बाईंनी लिहिले, 'अवंती: हसताना नाकाने फुरफुरते आणि थांबता थांबत नाही.' सोन्याचा पुठ्ठा काळा पडला, त्याची राख झाली, पानेही गेली.

राजा हातात शिक्का घेऊन उभाच. "आता आम्ही हा मारायचा कुठे?"

भीमाने तळहात पुढे केला. लगेच बत्तीस तळहात पुढे आले. राजाने बत्तीस शिक्के मारले, सगळे एकसारखे, आणि संध्याकाळी हातपाय धुताना ते निघून गेले. मापकेतूला गडावरून आणवून वर्गात मागच्या रांगेत बसवले. तो आता मुंग्यांकडे बघायला शिकतो आहे.

राहता राहिल्या मिशा. कनवटीतला तो कागद बाईंनी मुलांपुढे ठेवला. मुलांनी बराच वेळ कुजबूज केली, मग अवंतीने वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिले: 'आमच्या बाई खूप चीडतात आणि मग गुळ देतात.'

मिशा गळून पडल्या. बाईंनी ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला बोरू उचलला. मग तो तसाच खाली ठेवला.