उंबऱ्यावरचं पाणी

सदे अमित्ताय गावात येणारा पाहुणा पहिल्यांदा एकच विचारतो. खाली वादीच्या काठाला लोण्यासारखी मऊ माती पडीक पडलीय, आणि तुम्ही सगळे वर या दगडधोंड्यांत घरं बांधून काय बसलात? वादी म्हणजे कोरडा ओढा. इस्राएलच्या या वाळवंटात असे पुष्कळ आहेत, वर्षभर त्यांच्यात धुळीशिवाय काही नसतं.

तू बिश्वात या सणाला, म्हणजे आमच्या बोलीत हनाबीच्या उरुसाला, जो आलेला असतो तो आणखी एक विचारतो. तुमच्या बायका उंबऱ्यावर घागरभर पाणी का ओततात? हे विचारणारा आमच्यातलाच असला तर तो आधी दचकतो. आम्हा बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी लोकांत घरात माणूस मेलं की भरलेली सगळी भांडी उंबऱ्याबाहेर रिकामी करतात. मयत नसताना तसं पाणी ओतणं म्हणजे मयत बोलावणं. आणि आमच्या गावात तर सणालाच ओततात.

दोन्हीचं उत्तर एकच आहे. मी ते सांगतो, मध्ये बोलू नका. मला जे माहीत आहे ते मी बघितलेलं नाही, ऐकलेलं आहे. मी या गावात मागाहून आलो.

आमचं गाव मोशाव आहे. जमीन ज्याची त्याने कसायची. ट्रॅक्टर, पंप आणि मालाची विक्री सगळ्यांची मिळून. याच्या आधी इथे दुसरं गाव होतं. ते खाली, त्या मऊ मातीत. ती माणसं रुमानियाकडची होती आणि त्यांचं सगळंच एकत्र होतं, जेवणसुद्धा एका पंगतीला. ते गाव मोडलं. का मोडलं, तर आमच्या माणसांना घेऊन आलेल्या साहेबाने सांगितलं की आपसात भांडून मोडलं. साहेब खोटं बोलला की त्यालाच कोणी खोटं सांगितलं होतं, देव जाणे. गाव मोडलं पण एक म्हातारा गेला नाही. टेकडीवर पाण्याची टाकी आहे, तिच्या शेजारच्या दगडी खोलीत तो एकटा राहायचा. त्याचं नाव आत्ता विचारू नका. गोष्टीत ते शेवटी येतं.

आमची माणसं ट्रकमधून उतरली ती अलिबाग, पेण, रोहे इकडची. तिकडे कोणाचा तेलाचा घाणा होता, बाकीचे मुंबईत गिरणीत नाही तर रेल्वेत. शेतकरी त्यांच्यात बोटावर मोजण्याइतके. त्यांचा पुढारी हसाजी झिराडकर. माणूस कामाचा, पण एकदा बोलला की बोलला, माघार ठाऊक नाही. त्याची बायको केतुराबाई आणि मुलगी सिगुला, एवढंच त्याचं कुटुंब. आधीची तीन मुलं जगली नव्हती.

हसाजीने माती हातात घेऊन बघितली आणि पत्र्याच्या खोल्या खालीच ठोकायला लावल्या. वर दगडात कोण राहील?

म्हातारा रोज सकाळी टाकीचा नळ खाली सोडायचा. त्याचं तेवढंच काम होतं आणि ते तो चोख करायचा. रामराम नाही, शालोम नाही. पण खोल्या उभ्या राहिल्या तसा तो पत्र्याचा डबा भरून खाली आला. एकेका खोलीच्या वरच्या अंगाला उभा राहायचा आणि डबा ओतायचा. पाणी वाहत उंबऱ्यापर्यंत आलं की बोट दाखवून "मायीम, मायीम" करायचा आणि मग दूरच्या डोंगरांकडे हात करायचा. मायीम म्हणजे पाणी, हे आमच्या सगळ्यांना प्रार्थनेतून ठाऊक होतं. त्याच्या बाकीच्या बोलीतलं एक अक्षर कोणाला कळत नव्हतं आणि त्याला मराठी कुठून येणार?

आता ज्यांच्यात मयताला उंबऱ्यावर पाणी ओततात त्यांच्या दाराशी येऊन कोणी परका माणूस पाणी ओतायला लागला, तर ती माणसं काय समजणार? बायकांनी पोरं पोटाशी धरली. म्हातारा मरण घालतोय, असंच सगळ्यांना वाटलं.

हजान, म्हणजे आमचा प्रार्थना म्हणणारा, तेवढा एकटा म्हणाला की हा पुराचं सांगत असेल. त्यावर हसाजी हसला, असं सांगतात.

"आम्ही कोकणातली माणसं," तो म्हणाला. "चार चार महिने पाणी डोक्यावर घेतलंय. पूर कसा येतो ते याने आम्हाला शिकवायचं? आधी ढग दाखव म्हणावं."

लोकांनी वर बघितलं. ढग नव्हता. मग सगळेच हसले.

म्हातारा हट्टी होता. तो पुन्हा आला, त्यानंतरही येत राहिला. शेवटी हसाजीने त्याच्या हातातला डबा हिसकावून फेकून दिला आणि सेफरवर, म्हणजे आमच्या धर्मग्रंथावर, हात ठेवून शपथ घेतली की या माणसाशी मी आयुष्यात एक शब्द बोलणार नाही, आणि जो बोलेल तो माझा नाही. त्या दिवसापासून गावाने म्हाताऱ्याकडे बघणं सोडलं. तो नळ सोडायचा, हे पाणी भरायचे. भिंतीशी वागावं तसं.

हिवाळा आला आणि सिगुलाला ताप चढला. उतरेना. डॉक्टर लांबच्या गावाहून आला, गोळ्या देऊन गेला, तरी उतरेना. बायका कुजबुजायला लागल्या की सगळ्यात जास्त पाणी झिराडकरांच्याच उंबऱ्यावर ओतलं होतं. केतुराबाई ऐकत होती. तीन गेलेली होती, ही चौथी.

उरुसाचा दिवस आला. एलियाहू हनाबी या संदेष्ट्याच्या नावाने आम्ही मलिदा करतो: पोहे, गूळ, खोबरं, वेलची, वर फळं. त्या साली प्रत्येकाच्या गाठोड्यात मुंबईहून आणलेले पोहे चिमूट चिमूट उरले होते, म्हणून सगळ्यांचे मिळून एकच ताट केलं. आमचा नियम असा, की ज्याच्यापुढे ताट ठेवलं त्याने पहिला घास घेतल्याशिवाय बाकीचे खात नाहीत, आणि एकदा खाली ठेवलेलं ताट तसंच उचलत नाहीत. आणखी एक समज आहे. ज्याने आपला मलिदा खाल्ला तो आपल्या घराचं वाईट चिंतू शकत नाही.

दुपार कलल्यावर हजानाची प्रार्थना झाली. केतुराबाईने पोर खांद्यावर टाकली, ताट उचललं आणि कोणाला काही न सांगता टेकडी चढायला लागली. हसाजी ओरडला नाही. खोलीत जाऊन खाटेवर बसला आणि म्हणाला, येईल आपली आपण.

वर तिने ताट म्हाताऱ्याच्या पायाशी ठेवलं. म्हाताऱ्याने एकदा ताटाकडे बघितलं, एकदा पोरीकडे बघितलं आणि पाठ फिरवली. रागावलेला होता, दुसरं काय? महिनोन्महिने तुम्ही त्याला भिंत केलंत, आता गरज पडली तर गूळपोहे घेऊन आलात. मी असतो तर मीही नसतं खाल्लं.

केतुराबाई तिथेच बसली.

खाली पोरांना भुका लागल्या. ताट वर, आणि ताटाशिवाय खायचं नाही. आधी तिची चुलत जाऊबाई समजूत घालायला गेली ती वरच राहिली. मग हजान गेला, मग बाकीच्या बायका पोरांना घेऊन, मग बायका का येत नाहीत म्हणून पुरुष. सगळं गाव टेकडीवर जमलं आणि तिथे भांडण जुंपलं.

"ताट उचल गं केतुरा, पोरं रडतायत," जाऊबाई म्हणाली.

"ठेवलेलं ताट उचलायचं असतं तर मुंबईलाच राहिलो असतो," केतुराबाई म्हणाली. "याने खाल्ल्याशिवाय मी हलायची नाही."

"तो दगड आहे. दगड खातो का?"

"मग मीपण दगड. बसा तुम्ही."

अशी बोलाचाली चाललेली असताना म्हाताऱ्याने एकदम मान वर केली. त्याला आवाज आला. बाकीच्यांना वाटलं ट्रक येतोय. आकाश निळं होतं, टेकडीवर एक थेंब नव्हता. पाऊस पडला होता तो तिकडे, दूरच्या डोंगरांत, जिथे म्हातारा बोट दाखवायचा. इथला पूर असाच येतो. ढग तिकडे राहतो आणि पाणी इकडे येतं. खालचं गाव भांडणाने मोडलं नव्हतं. पंगत बसलेली असतानाच वाहून गेलं होतं, आणि त्या पंगतीत म्हाताऱ्याची बायको होती, असं मागाहून कळलं.

म्हाताऱ्याने जमलेल्या माणसांवरून नजर फिरवली. काय शोधतोय ते केतुराबाईला कळलं. तिने खाली आपल्या खोलीकडे बोट केलं. एकच माणूस वर आला नव्हता.

तेव्हा, म्हणे, म्हातारा वाकला, ताटातले चिमूटभर पोहे तोंडात टाकले, तिच्याकडे बघून मान हलवली आणि टेकडी उतरायला लागला. त्या वयात धावत.

हसाजी खाटेवर बसलेला होता. दारात म्हातारा आला. म्हाताऱ्याने हात हलवले, हसाजीने तोंड फिरवलं. शपथ होती. म्हाताऱ्याने दाराशी भरून ठेवलेली घागर उचलली आणि वरच्या अंगाने उंबऱ्यावर पालथी केली. पाणी हसाजीच्या पायाशी आलं. तो मारायला म्हणून उठून बाहेर आला, आणि बाहेर येताच वादीकडचा आवाज त्याच्या कानावर पडला. त्याने तिकडे बघितलं. ज्या कोरड्या ओढ्याला तो हसला होता त्यातून चिखलाची भिंत चालत येत होती.

दोघे टेकडीकडे पळाले. हसाजी तरणा होता, तो पुढे निघाला. चढाला लागल्यावर त्याने मागे बघितलं. म्हातारा पायथ्याशी अडखळून पडला होता. पाणी दोघांच्या मध्ये घुसत होतं आणि चिखल नाकातोंडात जाऊन म्हाताऱ्याला कोणती बाजू कोणती ते कळत नव्हतं. हाक मारली असती तर तो आवाजाच्या रोखाने आला असता, हात लागला असता. शपथ त्या वेळी कोणाला आठवते? हसाजीने हाक मारायला तोंड उघडलं.

पण नाव कुठे होतं? एवढे महिने त्याने सोडलेल्या पाण्यावर जगले, आणि अख्ख्या गावात कोणी त्याला नाव विचारलं नव्हतं. हसाजी नुसता "अरे, अरे" करत राहिला. पुराच्या आवाजात तसलं ओरडणं कोणाला कळतं, आपल्यासाठी आहे म्हणून?

काही जण सांगतात की म्हातारा आपलं खेचर सोडवायला मागे फिरला आणि म्हणून गेला. खोटं आहे. त्याच्याकडे खेचर नव्हतंच. आपली चूक झाकायला लोक असलं जोडतात.

पत्र्याची एक खोली उरली नाही. माणूस मात्र आमचं एकही गेलं नाही. गेला तो एकटा. सिगुलाचा ताप दुसऱ्या दिवशी उतरला. ताटाने उतरवला म्हणतात, मी म्हणतो गोळ्यांनी उतरला असेल. सिगुलाबाई अजून आहे, समोरच्या घरात. तिला विचाराल तर म्हणेल, मला कसं आठवणार, मी तापात होते.

हसाजी दुसऱ्या दिवशी दगडी खोलीत गेला. तिथे म्हाताऱ्याचं प्रार्थनेचं पुस्तक होतं, त्याच्या पहिल्या पानावर नाव होतं. हजानाने वाचलं: हर्शेल. हसाजी टेकडीच्या कडेला उभा राहून त्या नावाने हाका मारत राहिला. लोकांनी त्याला धरून आणलं नाही. मारू दिल्या.

नवी घरं टेकडीवर बांधली. खालच्या जमिनीत नांगर घालायचा नाही, असा ठराव मोशावच्या पहिल्याच सभेत झाला. आजही तो मोडलेला नाही. अधूनमधून कोणी तरुण शिकून येतो आणि हिशेब मांडतो की तिथे टोमॅटो किती निघतील. त्याला आम्ही उरुसापर्यंत थांब म्हणतो.

आजही उरुसाला बायका उंबऱ्याच्या वरच्या अंगाने घागर ओततात. पाणी वाहायला लागलं की सगळं गाव डोंगरांकडे बघतं. आकाशाकडे कोणी बघत नाही. मग ताट येतं, आणि पहिला घास बाहेरच्या माणसाने घ्यायचा. तो नको म्हणाला तर आम्ही बसून राहतो. मागे पुण्याचे एक गृहस्थ साखर वाढते म्हणून नको म्हणाले. गाव उपाशी बसलं त्यांच्यासमोर. पोरं रडायला लागली तेव्हा खाल्लं त्यांनी, आणि मग दुसऱ्यांदाही मागितलं.

ताट पुढे करण्याआधी सिगुलाबाई एक गोष्ट विचारते, आणि उत्तर मिळाल्यावर ते मोठ्याने, खालच्या जमिनीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणून दाखवते. ती बघा, निघाली ताट घेऊन. तुमचं नाव सांगा तिला.