एसीचा पट्टा

एकदा एक भुसार मालाचा व्यापारी घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका गॅरेजात आपली गाडी घेऊन आला. गॅरेज एका वृद्ध मिस्त्रीचे होते. सारे आयुष्य इंजिनांच्या सहवासात गेलेला हा गृहस्थ बोले कमी आणि ऐके अधिक. आसपासच्या गावांत त्याला सगळे उस्ताद म्हणत. त्याच्या हाताखाली तुळशीराम नावाचा एक शिष्य होता. हाताने चलाख, निदानाला मात्र उतावळा.

शेठ उतरले तेच कपाळावर हात मारत. "उस्ताद, या एसीनं वैताग आणलाय बघा! बंद असला की गाडी झकास. लावला रे लावला, की चढाला धापा टाकते. मालाचे ट्रक हॉर्न देत पुढं जातात, लाज वाटते हो. आणि आज मला घाट चढायचाच आहे."

मागच्या सीटवर शेठची थोरली बहीण बसली होती. केस पांढरे, पायाशी एक वळकटी आणि पितळी डबा. काच खाली करून ती म्हणाली, "मी म्हणते ना, बंदच ठेव ते. मला कुठं लागतंय गार वारं? गाडीला उगीच त्रास."

"तू गप बस गं अक्का," शेठ म्हणाले.

उस्तादांनी तुळशीरामाला खूण केली. गाडी जुन्या घडणीची, तिच्या एसीचा पट्टा वेगळा होता. तो उतरवला की एसी कायमचा बंद, आणि इंजिनावरचा तेवढा भार कमी. कामचलाऊ गॅरेजांची ही लाडकी युक्ती आहे. पट्टा काढा, गिऱ्हाईक खूश, विषय संपला. तुळशीरामाने पट्टा काढला, अक्कांना बाकावर बसवले आणि शेठना घेऊन पहिल्या वळणापर्यंत चक्कर मारून आला.

"सापडलं उस्ताद! एसीचा कॉम्प्रेसरच खातोय सगळा जोर. चढाला काय पळाली म्हणता!"

"मग राहू द्या तसंच," शेठ म्हणाले. "नकोच ते झेंगट."

उस्ताद शांतपणे म्हणाले, "तुळशीराम, पट्टा परत चढव."

"अहो, पण उस्ताद..."

"चढव म्हटलं ना."

शेठचा चेहरा उतरला. गेलेली पीडा हा म्हातारा परत गळ्यात का बांधतो आहे, हे काही त्यांना कळेना. तुळशीराम मनात चरफडत पान्हे गोळा करू लागला. तेवढ्या वेळात शेठनी मन मोकळे केले. काही माणसांना खाजगी गोष्टी बोलायला गॅरेजच लागते. आवाज त्यांनी खाली आणला होता, पण बाक काही फार लांब नव्हता.

"घरातही हेच झालंय बघा. आई गेली तेव्हा मी रांगत होतो. या अक्कानंच वाढवलं मला, नाही कशाला म्हणू? तिचे यजमान गेले, पुतण्यांनी घराबाहेर काढलं, म्हणून आणली. पण ती आल्यापासून घराला दमच नाही राहिला. बायकोचं नि सुनेचं पटत नाही, मुलगा वेगळं व्हायचं म्हणतो. शेवटी ठरवलं, घाटावर एक वृद्धाश्रम आहे, तिथं सोडून येतो. चांगली सोय आहे हो, दोन वेळचं जेवण गरम देतात."

"अक्का यायच्या आधी घरात भांडण नव्हतं?" उस्तादांनी विचारले.

"होतं की. पण चालत होतं."

"गाडीही चालत होती, शेठ."

एवढे बोलून उस्ताद गाडीकडे वळले. कॉम्प्रेसरचे चाक त्यांनी बोटांनी फिरवून पाहिले. ते लोण्यासारखे फिरले. त्यात काहीच बिघाड नव्हता. मग त्यांनी इंजिनात जाणारी हवा गाळणाऱ्या फिल्टरची पेटी उघडली. फिल्टर बाहेर काढून जमिनीवर आपटला, तसा धान्याचा भुसा आणि धूळ यांचा ढीग पडला. शेठची गाडी वर्षानुवर्षे त्यांच्याच गोदामाच्या दारात उभी राहत असे.

"हा भुसा ओळखीचा वाटतो का?" उस्ताद म्हणाले. "एसी हे ओझं आहे, शेठ. खोटं कशाला बोलू? इंजिनाच्या ताकदीतलाच घास ते घेतं. पण धडधाकट इंजिन तेवढा घास देतं आणि कुरकुर करत नाही. तुमच्या इंजिनाचा श्वास तुमच्याच भुशानं आधीपासून कोंडला होता. एसी बंद असताना ते झाकून गेलं. एसी लागला आणि दुखणं उघडं पडलं. ज्यानं दुखणं दाखवलं, त्यालाच तुम्ही काढायला निघालात! पट्टा काढून दिला असता तर आज खुशीत गेला असता. भुसा मात्र आत तसाच राहिला असता, आणि उद्या दुसरं कुणी ओझं ठरलं असतं."

 शेठनी भुशाकडे पाहिले, मग बाकावरच्या बहिणीकडे पाहिले. त्यांचे डोळे ओलावले होते, हे तुळशीरामाने स्वतः पाहिले.  त्याने पट्टा परत चढवला, उस्तादांनी नवा फिल्टर बसवला आणि एसी लावून गाडी चढावर नेऊन आणली. गाडीने एकदाही धाप टाकली नाही.

"पटलं उस्ताद," शेठ म्हणाले. "शंभर टक्के पटलं. डोळे उघडलेत तुम्ही माझे."

अक्का गाडीत बसायला उठल्या. जाता जाता उस्तादांपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं नीट केलीत. आता परत जाताना तो एकटा असेल, वाटेत बंद पडली असती तर घोर लागून राहिला असता मला." उस्तादांनी मान खाली घातली.

गॅरेजसमोर रस्ता दोन्हीकडे जात होता. डावीकडे गाव, उजवीकडे घाट. तुळशीराम हातातले फडके तसेच धरून फाटकाशी उभा राहिला. शेठनी मागे वळून बहिणीच्या बाजूची काच नीट वर केली, तिला गार वारा लागावा म्हणून एसी थोडा वाढवला आणि गाडी उजवीकडे वळवली. घाटाचे पहिले वळण ती झोकात चढून गेली.

"उस्ताद," तुळशीराम कळवळून म्हणाला, "त्यांना काहीच कळलं नाही हो!"

"कळलं रे. गाडीपुरतं कळलं."

 तुळशीरामाने झाडू आणला आणि जमिनीवरचा तो भुसा गोळा करू लागला.

वाचकहो, शेठना नावे ठेवण्याआधी आपल्या घरात सध्या कुणाचा पट्टा काढायचे चालले आहे, तेवढे एकदा पाहा.